इंचभर माया

शिंप्याच्या दुकानात माया इंचाने मोजतात. कापड बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचं सोडायचं, कधी एक इंच, कधी दोन, त्याला माया म्हणतात. उद्या माणूस अंगाने भरला तर शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, की कपडा पुन्हा अंगाला येतो. या गोष्टीतल्या मास्तरांनी चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक कोटात ती न चुकता ठेवली. घरच्या माणसाच्या वाट्याला किती आली, ते पुढे कळेलच.

मास्तर म्हणजे शिंपी. शिकलेले चार इयत्ता, पण शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून हेही मास्तर, आणि त्यांच्या बायकोला गल्लीने थट्टेथट्टेत मास्तरीण करून टाकलेलं. मास्तरीण दुकानातली काजं-बटणं करायची. काज करणारीचं नाव पाटीवर लागत नाही. काज बिघडलं तरच गिऱ्हाइकाला तिची आठवण होते, आणि हिची काजं कधी बिघडली नाहीत.

दुकानात लोकरीचे कोट शिवले जायचे, म्हणजे येणारं माणूस बहुधा परदेशी निघालेलं असायचं. शिकायला निघालेली मुलं, बदली झालेले साहेब, मुलाकडे राहायला निघालेली म्हातारी माणसं. मास्तर गळ्यात टेप टाकून प्रत्येकाला विचारायचे, कुठे निघालात, थंडी कितपत, बर्फ पडतो का. लोक दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हायचे आणि मास्तर ती दोन वाक्यं दोन महिने चघळत बसायचे. त्यांच्या हातचे कोट पृथ्वीला वळसा घालून आले. ते स्वतः स्टुलावरून उठून कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत जाऊन आले.

त्यांची एकुलती लेक लहानपणी कापायच्या टेबलाखाली बसून खेळायची. खेळ एकच. वरून लोंबणाऱ्या कोटाची शिवण चिमटीत धरायची आणि आत किती माया आहे ते न बघता सांगायचं. सात वर्षांची होईस्तोवर तिची पाव इंचाचीही चूक होईनाशी झाली. एकदा एका काळ्या कोटाच्या शिवणीत तिच्या चिमटीला काहीच लागलं नाही. असं कसं, म्हणून तिने विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ज्याला पुन्हा माप द्यायचं नाही, त्याच्या कपड्याला माया ठेवत नाहीत." तो कोट गावातल्या एका मेलेल्या माणसाच्या अंगावर घालायचा होता. पोर त्या दिवशी जेवली नाही, आणि ते वाक्य पुढे कधी विसरली नाही.

आणखी एका गिऱ्हाइकाचं सांगायला हवं. गावातल्या शाळेचे हेडमास्तर एका वर्षात तीनदा कोट आत घ्यायला आले. पहिल्यांदा एक इंच, मग दोन, मग पुन्हा दोन. दर वेळी म्हणायचे, रोज चालायला जातो, वजन उतरतंय. मास्तर मान डोलवायचे. तिसऱ्या वेळी ते पायरी उतरून गेल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, हा माणूस चौथ्यांदा यायचा नाही. आला नाहीच. डॉक्टरांना जे शेवटी कळलं ते मास्तरांच्या टेपला आधीच कळलं होतं. हे ध्यानात असू द्या, कारण 'मला काय ठाऊक' म्हणायची सोय मास्तरांना पुढे राहत नाही.

बासष्टाव्या वर्षी मास्तरांनी दुकान जुन्या कारागिराच्या हवाली केलं आणि बायकोला म्हणाले, वर्षभर जग बघू. लेकीचं लग्न झालं होतं, जावई शहाणा होता, मागे ओढणारं कोणी नव्हतं. मास्तरणीला जग बघायची फारशी हौस नव्हती. पण चाळीस वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच काहीतरी 'आपण' म्हणून विचारलं होतं, म्हणून ती हो म्हणाली. निघण्याआधी मास्तरांनी तिच्यासाठी कोट शिवला. गडद निळी लोकर, राखाडी अस्तर. तिच्यासाठी शिवलेला त्यांचा हा पहिला कोट. लोहाराच्या घरी विळी बोथट म्हणतात, त्यातला प्रकार. काजं अर्थात तिनेच केली.

धावतपळत फिरणाऱ्यांचा मास्तरांना तिटकारा होता. ताटावर बसून नुसता वास घेऊन उठणारी माणसं, म्हणायचे. त्यांची पद्धत वेगळी. एका गावात तीन महिने, कारण त्याहून जास्त राहायचा परवाना मिळत नसे. खोली घ्यायची, एक कढई आणि दोन ताटल्या घ्यायच्या, भाजीवाला बांधायचा, बसायला एक बाक ठरवायचा. नव्वदावा दिवस आला की कढई शेजाऱ्यांना देऊन पुढच्या गावाला. गावांची नावं मास्तरणीच्या जिभेवर काही बसली नाहीत. तिच्या हिशेबी ती पुलाचं गाव, घड्याळाचं गाव, माशांच्या वासाचं गाव अशी होती. तिला तक्रार करायची सवय नव्हती. फक्त दर तीन महिन्यांनी नव्या खोलीत दिव्याचं बटण शोधताना ती थोडी थकल्यासारखी दिसायची.

मास्तरांचं मात्र नशीब दुसऱ्याच गावात फळफळलं. घरमालकिणीने विचारलं, तुम्ही काय करत होतात? मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, मास्तर. तिला वाटलं, शिक्षक. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना प्रोफेसर म्हणू लागली. मास्तरांनी चूक दुरुस्त केली नाही. पुढच्या गावात तर त्यांनी आपणहूनच तसं सांगितलं. लोक टोपी काढून नमस्कार करू लागले. चाळीस वर्षं ज्यांनी गुडघ्यावर बसून लोकांच्या मांड्यांची मापं घेतली, त्यांना कोणीतरी खुर्ची पुढे करत होतं. मास्तरणीला आधी हसू आवरेना. चार बुकांचा प्रोफेसर, म्हणायची. मग तिच्या लक्षात आलं की हे हसण्यावारी नेण्यातलं राहिलेलं नाही. या गावांत मास्तर सुईदोरा हातात धरत नव्हते. सदऱ्याचं बटण तुटलं तरी तिच्यापुढे टाकायचे.

चौथं गाव संपता संपता वर्ष भरलं, आणि लेकीचा फोन आला की तिला पाचवा महिना आहे. मास्तरीण त्याच दिवशी पेटी आवरायला लागली. मास्तर म्हणाले, अजून चार महिने आहेत, तेवढ्यात एक गाव होतं. बाळंतपणाआधी महिनाभर पोचू. तिने आवरलेली पेटी पाचव्या गावाला नेली.

हे टेकडीचं गाव. तिथे एका दुपारी बाजारात जायला निघताना मास्तरांनी तिला मागून कोट घातला. खांदे उतरलेले दिसले. पाठीवर कापडाची एक उभी घडी पडली होती. त्यांची बोटं आपोआप पुढे झाली आणि त्यांनी घडी चिमटीत धरली. सव्वा इंच. छातीपोटी मिळून तीन तरी. पाऊण वर्षापूर्वी हाच कोट अंगावर ओतल्यासारखा बसत होता. त्या क्षणी मास्तरांना हेडमास्तर आठवले, त्यांची पायरी उतरतानाची पाठ आठवली, आणि जे कळायचं ते सगळं कळलं.

"काय हो?" मास्तरणीने विचारलं.

"काही नाही, धागा होता," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडे भाषेचे चार शब्द शिकायला गेली, तेव्हा मास्तरांनी पडदा ओढला, कोपऱ्यावरून आणलेलं रीळ काढलं, अस्तर उसवलं आणि कोट आत घेतला. बरोब्बर तिच्या आत्ताच्या मापाचा. काम तासाभरात झालं. घरात घालायचे तिचे कपडे नाडीचे होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. जास्तीचं कापड त्यांनी कापलं नाही, घडी करून आत दाबलं आणि अस्तर पुन्हा बंद केलं.

भीती वाटली म्हणून त्यांनी हे केलं, असं म्हणावंसं वाटतं. भीती होतीच. पण भ्यालेला माणूस डॉक्टरकडे धावतो. मास्तरांना ठाऊक होतं की डॉक्टर म्हणजे घर, घर म्हणजे दवाखाना, आणि त्यानंतर म्हणजे पुन्हा तीच गल्ली, तोच कारागीर, आणि 'काय मास्तर, आलात का फिरून' म्हणणारी तीच तोंडं. प्रोफेसर टेकडीच्या गावातच राहणार होता. तो माणूस त्यांना सोडवेना. बायको सुटत होती, तेवढं त्यांना चालण्यासारखं होतं. त्यांनी स्वतःला असं स्वच्छ शब्दांत कधी सांगितलं नाही. ते म्हणायचे, हवापाण्याचा फरक असेल.

बाळंतपणाआधी घरी पोचायचं राहूनच गेलं, पाचव्यानंतर मास्तरांनी सहावं गाव धरलं. तिथे तिलाच शंका यायला लागली. अंगठी बोटातून गळाली, जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. मी बारीक होत चाललेय का हो, तिने विचारलं, डॉक्टरला दाखवायचं का? भाड्याच्या खोल्यांमधले आरसे चेहऱ्यापुरते असतात, त्यात अंग दिसत नाही.

"आरशाचं काय घेऊन बसलीस," मास्तर म्हणाले. "कोट घालून बघ. कोट खोटं बोलत नाही."

तिने कोट घातला. एकेक बटण लावलं. काजं तिच्या हातची, बेत नवऱ्याचा. कोट होता तसाच बसला. चाळीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून तिने एवढं पाहिलं होतं की टेप चुकत नाही आणि मास्तरांचा हात चुकत नाही. ती स्वतःच्याच शंकेला हसली. म्हातारपणाचे खेळ म्हणाली, आणि कोट काढून नीट खुंटीला लावला. मास्तरांनी तो आदल्याच आठवड्यात दुसऱ्यांदा आत घेतला होता.

त्याच गावात असताना नात झाली. निघायचं ठरलेल्या दिवशी मास्तर म्हणाले की परवान्याचे पन्नास दिवस वाया जातील, आणि बाळ काय पळून जातंय? मास्तरणीने नातीला फोनवर पाहिलं. नंतर ती रोज पाहायची. फोन धरून धरून हात भरून यायचा, तेव्हा तो उशीला टेकवून ठेवायची. एकदा ती मास्तरांना म्हणाली, मला दुसरं काही बघायचं नाही, एकदा त्या पोरीला कडेवर घेऊ द्या. पुढचं गाव झालं की जाऊ, मास्तर म्हणाले. मग सातवं झालं. मग आठवं.

नवव्या गावात घरमालकिणीचे म्हातारे वडील मास्तरांच्या प्रेमातच पडले. त्यांनी वाचनालयात दुपारचा कार्यक्रम ठरवला. प्रोफेसर आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगणार होते. मास्तर तीन दिवस ते चार शब्द पाठ करत होते. मास्तरणीला पुन्हा बाहेर पडवत नव्हतं, ती खोलीतच राहिली. सकाळी बसच्या दारात अडकून तिच्या कोटाचं अस्तर काखेत फाटलं होतं. बसल्या बसल्या दोन टाके घालू म्हणून ती खिडकीशी बसली.

फाटलेल्या अस्तरातून तिला आतली शिवण दिसली. तिने बोट घातलं. मग ब्लेड घेतलं आणि अस्तर खालपर्यंत उसवलं.

आत पाच शिवणी होत्या, एकीच्या आत एक. प्रत्येकीचा दोरा वेगळा, कारण मास्तरांनी प्रत्येक गावात नवं रीळ घेतलं होतं. काळा टेकडीच्या गावचा. करडा सहाव्या गावचा. जांभळट निळा दोरा सातव्या गावातल्या त्या दुकानातला, जिथे बाहेर मांजर बसायचं. आणि सगळ्या शिवणींच्या आत, दाबून, इस्त्री करून बसवलेलं जाडजूड कापड. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिंप्याची बायको होती ती. वाचायला शिकलेल्या माणसाला पत्र जसं वाचता येतं, तसा तिने तो कोट वाचला.

तिने पाचही शिवणी उसवल्या. संध्याकाळी मास्तर हातात फुलांचा गुच्छ घेऊन परत आले तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती. कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती.

"कोट घालून बघितला," ती म्हणाली.

मास्तर फुलं कुठे ठेवावीत ते बघत राहिले.

"किती इंच?"

"बस आधी. बसून बोलू."

"मास्तर, माप विचारतेय."

"साडेसात," मास्तर म्हणाले.

कधीपासून ठाऊक आहे, तिने विचारलं. त्यांनी गाव सांगितलं. नात तेव्हा पोटात होती, ती म्हणाली, आणि तिने बोटांवर महिने मोजले, बारा भरले. आवाज चढवायची ताकद तिच्यात नव्हती. तिने फक्त त्या लोंबत्या कापडाचा एक पदर हातात धरला.

"एवढं आत होतं, तर कापलं का नाहीत?"

"माया ठेवली."

शब्द धंद्यातला होता, सहज आला होता. पण तो खोलीत पडला तो पडलाच.

"मी पुन्हा भरेन असं वाटलं म्हणून ठेवलीत? की सवयीने?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. इतकी गावं तेच केलं होतं. पण कापडाबद्दल ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते.

"सवयीने," ते म्हणाले.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी झाले. त्यांनी बोटं उघडून दाखवली, तीन आठवडे, फार तर पाच, आणि विमानात बसवण्याच्या लायकीची ही राहिली नाही. वर्षापूर्वी का नाही आलात, असं त्यांनी त्यांच्या भाषेत विचारलं. प्रोफेसरांना तेवढी भाषा कळत होती, पण कळली नाही असं त्यांनी दाखवलं.

लेकीला फोन मास्तरांनीच लावला. मास्तरीण पलंगावर पडून ऐकत होती. आईला जरा अशक्तपणा आहे, मास्तर म्हणाले, जमलं तर येऊन जा. पलीकडून लेकीने काय झालं, काय झालं असं चारदा विचारलं. अशक्तपणा, मास्तर चारदा म्हणाले. बाळाला आणू का? एवढ्या लांब? नको, मास्तर म्हणाले, त्या पोरीचे हाल कशाला.

मास्तरांनी फोन ठेवला. लेकीला एक शब्द खरा कळला असता, तर जावई बाळाला घेऊन दोन दिवसांत आला असता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी तिला सांगणार नाही," ती म्हणाली. "आई मरतेय हे तिने आईच्या तोंडून ऐकायचं नाही. लपवलंत तुम्ही, तुम्हीच सांगायचं."

"तोंडाने नाही जमायचं मला."

"मग हाताने सांगा." तिने खुंटीकडे पाहिलं. "कोट माझ्या मापाचा करा. या वेळी माया ठेवू नका. ती आल्या आल्या शिवण धरेल. तिला काही वेगळं सांगावं लागणार नाही."

मास्तर उजेडासाठी खिडकीशी बसले. पडदा ओढायचं आता कारण नव्हतं. रस्त्यावरून घरमालकिणीचे वडील चालले होते. त्यांनी सवयीने टोपीला हात घातला आणि पाहिलं, की प्रोफेसर मांडी घालून बसलेत, तोंडात टाचण्या आहेत आणि मांडीवर बायकांचा कोट आहे. टोपी अर्धी उचलली गेली होती, ती परत खाली बसली. ते पुढे निघून गेले. मास्तरांनी मान वर केली नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्यांचा हात जिथे असायला हवा तिथे होता.

त्यांनी माप घेतलं. मास्तरीण उभी राहू शकत नव्हती, म्हणून पलंगावर निजल्या निजल्याच घेतलं. टेप तिच्याभोवती गेली आणि पुष्कळशी हातात उरली. शिवण घालून झाली. मग मोठी कात्री आली. निळ्या लोकरीची पहिली लांब पट्टी जमिनीवर पडली, मग दुसरी. मास्तरीण उशीवरून पट्ट्या मोजत होती. कात्री शिवणीपासून किती अंतरावरून चालली आहे, ते तिला तिथून दिसत नव्हतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले, आणि अस्तर बंद करायला घेतलं.

लेक आली तेव्हा मास्तरीण कोट घालून, खिडकीची चौकट धरून उभी होती. उभं राहायचंच असा तिचा हट्ट होता. दार उघडलं, लेक आत आली, आणि मास्तरणीने तिच्या मागे पाहिलं. मागे पेटी होती.

"ठेवून आले गं तिला," लेक म्हणाली. "बाबा म्हणाले, हाल होतील."

ती पुढे आली आणि आईचा चेहरा उजेडात पाहून थबकली. तिने आईला मिठी मारली, आणि मिठीतच तिचा उजवा हात, टेबलाखाली शिकलेला हात, बगलेखालच्या शिवणीवर गेला. तिने शिवण चिमटीत धरली. मास्तरणीने डोळे मिटून घेतले आणि लेक रडायची वाट बघितली.

लेक रडली, पण हसत हसत.

"इंचभर आहे," ती म्हणाली. "पुरता इंच. बाबा, जीव घेतला होतात माझा. हिचा चेहरा बघून मला वाटलं," आणि तिने पुढचं वाक्य गिळून डोळे पुसले. "बरी होशील तू आई. बाबांनी माया ठेवलीये. मी चार दिवस राहते आणि पुढच्या महिन्यात पोरीला घेऊनच येते. तोवर चालायलाही लागेल ती."

मास्तरणीने डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं, त्यांचं किंवा तिचं. पण लेकीचा जीव भांड्यात पडला होता, ती प्रवासाने मळलेला चेहरा आईच्या खांद्यावर टेकून लहान मुलीसारखे उसासे टाकत होती, आणि त्या पोरीला पुन्हा त्या भांड्यातून बाहेर काढायचं बळ मास्तरणीपाशी उरलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "हो. पुढच्या महिन्यात थंडीही कमी होईल."

लेक तोंड धुवायला आत गेली. मास्तरांनी मास्तरणीला धरून पलंगावर बसवलं आणि कोटाची बटणं सोडू लागले.

"हीसुद्धा सवयीने?" तिने विचारलं.

मास्तरांची बोटं तिसऱ्या काजाशी थांबली.

"नाही," ते म्हणाले. "कात्री पुढे जाईना. ही सवयीने नव्हती."

मास्तरीण त्यांच्याकडे बघत राहिली. हे ऐकायला ती चाळीस वर्षं थांबली असेल.

"मग हीच कापायची होती," ती म्हणाली.

लेक चार दिवस राहून गेली. ती परतल्यावर सोळाव्या दिवशी मास्तरीण गेली. पुढच्या महिन्यात लेक शब्द दिल्याप्रमाणे आली, आता वडिलांना घरी न्यायला, आणि नातीला घेऊनच आली. नात खरोखरच चालायला लागली होती. लेक पेटी भरत असताना ती भिंत धरत धरत खुंटीपर्यंत गेली आणि तिथे लोंबणाऱ्या निळ्या कोटाची बाही धरून उभी राहिली. मास्तर खिडकीशी बसले होते. त्यांच्या परवान्याचे अकरा दिवस अजून शिल्लक होते.